कमरेपर्यंतची सून

अमेरिकेत पिस्कॅटवेला, नोकरीची परवानगी नसलेल्या डिपेंडंट व्हिसावर घरी बसून कंटाळले, म्हणून मी फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. त्याच वर्गात एक इराणी बाई होती. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या हौसेवर पाणी फिरवलं.

ती फोटो काढायची नाही, मांडायची. आईला तिकडच्या बायका बुरख्यासारखी घेतात त्या काळ्या चादरीत नखशिखांत गुंडाळून ट्रेडमिलवर उभं करायची. वहिनीला आजीच्या जरीच्या पोशाखात गाडी धुवायला लावायची. सर तिच्या फोटोंपुढून हलत नसत. माझ्या ट्युलिप्सना मात्र नुसतं "नाइस!" माझा जळफळाट व्हायचा. तिच्याकडे चादर होती, म्हणून काय झालं? माझ्याकडेही नऊवारी होती.

वर्गातला एकच फोटो न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला जाणार होता आणि तो मला माझाच हवा होता. मी नऊवारी नेसले, नथ घातली, हातात व्हॅक्यूम क्लीनर घेतला आणि टायमर लावला. सरांनी विचारलं, "हे तू कधी नेसतेस?" मंडळाच्या गणपतीत, फॅन्सी ड्रेसला. पण ते सांगायची लाज वाटली.

एका शनिवारी सकाळी ती माझा ट्रायपॉड परत करायला आली. नवऱ्याने दार उघडलं तेव्हा मी वेबकॅमवर पुण्याला सासूबाईंशी बोलत होते. वर कुडता, टिकली, मंगळसूत्र. खाली नवऱ्याची हाफ पँट. ती तोंड दाबून हसत राहिली. कॉल संपताच म्हणाली, "अगं, हाच फोटो काढ! माझी वहिनी पण तिच्या सासऱ्यांशी, म्हणजे इराणला माझ्या बाबांशी, अशीच बोलते. वर स्कार्फ, खाली शॉर्ट्स."

"वेडी आहेस का? सासूबाईंनी बघितला तर?"

"मग मी काढू? वहिनीचा?"

"काढ की," मी तोऱ्यात म्हटलं. असल्या फोटोकडे कोण बघणार होतं!

तोच न्यूयॉर्कला गेला. "आयडिया हिची," असं तिने सरांना सगळ्यांदेखत सांगितलं, तेव्हा तर मला ती अजिबात सहन होईना. चोरला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

माझा नऊवारीतला फोटो मी सासूबाईंना ईमेल केला. पुढच्या शनिवारी त्यांनी वेबकॅमसमोर फ्रेम धरली. "हॉलमध्ये लावतोय गं. किती सोज्वळ दिसतेस!"

मी टिकली सारखी केली आणि हसले. खाली हाफ पँटच होती.