राखीव बागेची पाटी

इमारतीशेजारच्या मोकळ्या जागेत आज महापालिकेचा रंगारी 'उद्यानासाठी राखीव' ही पाटी पुन्हा रंगवत होता. इमारत बांधताना महापालिकेला विकासशुल्क भरलं, त्यातून ही बाग व्हायची होती. सोसायटीची सचिव म्हणून दर नव्या डायरीत मी 'बाग' हे काम पहिलं लिहिते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पार्किंगमधल्या गाड्यांमधून फेऱ्या मारणाऱ्या कुलकर्णीकाकू लगबगीने कुंपणाशी गेल्या.

"काय हो, बाग होणार वाटतं?"

"नाही मावशी, अक्षरं पुसट झाली होती."

"मग एखादं बाकडं तरी रंगवा त्यावर. टेकता येईल!"

रंगारी हसला. मला हसू आलं नाही. शुल्क आधी भरायचं असतं, बाग सावकाश येते, आणि मधल्या काळात माणसं म्हातारी होतात.

काकूंना धाप लागली होती. मी सोसायटीच्या ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची आणली. कुंपणापलीकडे माजलेल्या तणाकडे तोंड करून त्या बराच वेळ बसल्या.