दोन दिवसांचा उशीर

आमचे बाबा वनखात्यात रोपवाटिका सांभाळायचे, म्हणून घरात त्यांना सगळे ‘रोपटेबुवा’ म्हणायचे. कुठल्या वाफ्यात कधी पेरणी झाली ते त्यांना तोंडपाठ. माझी इयत्ता कुणी विचारली की मात्र आईकडे बघायचे. ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

मी नववीत असताना पूर आला. रानवाटा माहीत असलेला माणूस म्हणून खात्यानं बाबांना मदतकार्यावर पाठवलं. शाळेतली साडेतीनशे माणसांची छावणी त्यांनी तीन महिने एकहाती सांभाळली. साहेब बेहद्द खूश. बाबांनी छावणीचा अहवाल पाठवला की शहरात बढती पक्की होती. आई पंधरा वर्षं त्याचीच वाट बघत होती, आणि मला तर शहरातलं कॉलेज दिसायलाही लागलं होतं.

आई अहवाल वाचता वाचता थांबली.

“‘अठ्ठ्याण्णव टक्के जगले.’ अहो, ही माणसं आहेत की रोपं?”

“सवयीनं लिहिलं गेलं,” बाबा ओशाळून म्हणाले.

“आणि बाकीचे?”

बाबांनी छावणीत दगावलेल्या सातही जणांची नावं सांगितली, वयांसकट. मग म्हणाले, “तापाची साथ आली तेव्हा लगेच औषधं मागवायला हवी होती. मी दोन दिवस थांबलो. नवं लावलेलं रोप मान टाकतं, पण दोन दिवसांत सावरतं. तसंच वाटलं मला.”

“हे लिहिलंत?”

“लिहिलं तर बढती गेली.”

“ते कळतं मला. न लिहून झोप लागणार आहे का तुम्हाला?”

बाबांनी अहवाल नव्यानं लिहिला. आधी सात नावं, मग स्वतःचा उशीर. त्याची प्रत घेऊन ते सातही घरी गेले. बढती दुसऱ्याच कुणाला मिळाली. माझ्या कॉलेजचं वाटोळं केलंत, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. “खरं आहे गं,” एवढंच ते म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी आम्ही रोपवाटिकेत असताना एक म्हातारी आली. त्या सातांतल्या एकाची आई.

“लेक गेला तेव्हा सगळे मला ‘नशीबच तसं’ म्हणाले, साहेब,” ती म्हणाली. “‘माझ्याकडून उशीर झाला’ म्हणणारे तुम्ही एकटेच.”

बाबांनी उठून तिला आपली खुर्ची दिली. मी जाऊन त्यांचा हात धरला, कितीतरी वर्षांनी.