क्लच न दाबणारा कॅप्टन

वाचनालयात सगळे तिला तारीखबाई म्हणत, कारण पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचं काम ती सव्वीस वर्षं करत होती आणि तिचा शिक्का एकदाही तिरका पडला नव्हता. तोंडावर अर्थात कोणी तसं म्हणत नसे. तिच्या नाकावर माशी बसत नसे, आणि बसलीच असती तर तिने तिलाही विचारलं असतं, कार्ड आहे का म्हणून.

घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांनी जन्मभर ट्रक चालवला. तरुणपणी लढाईच्या काळात सैन्याचा, नंतर सिमेंटच्या कारखान्याचा. लढाईबद्दल ते एक शब्द बोलत नसत, पण बाकी सगळ्या जगाबद्दल बोलत. भाजीत मीठ कमी पडलं तर ते खालच्या मजल्यावरही कळायचं. शेजारचा दुकानदार गाडी मागे घेऊ लागला की बाबा खिडकीतून ओरडून त्याचं स्टिअरिंग सुधारत. मुलीला याची लाज वाटायची. "जिभेला जरा हाड असू द्या, बाबा," असं ती दिवसातून दोनदा तरी म्हणायची.

मग एका सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातातून ब्रश गळला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पार गेलं. हात-पाय हळूहळू हलू लागले. जिभेने मात्र असहकार पुकारला. घरात एवढी शांतता झाली की दुकानदार एकदा वर येऊन विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. त्याने खाली जाऊन गाडी कुंपणाला ठोकली, तरी खिडकीतून कोणी काही म्हणालं नाही. त्या दिवशी तारीखबाई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट यायची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली वाटावी अशी. मुलगी गुणाची होती. ती म्हणाली, "ताई, पहिल्या सहा महिन्यांत जे यायचं ते येतं. नंतर फार अवघड असतं." त्यातले चार महिने संपले होते. जिचा जन्म परतीच्या तारखांत गेला तिला हे दोनदा सांगावं लागलं नाही.

थेरपिस्टने चित्रांची कार्डं दिली होती. गाय, घड्याळ, सफरचंद. बाबांनी गाय बघितली, मग तारीखबाईकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला गाय दाखवून "हे काय आहे?" विचारलं तर तो दुसरं काय करणार? मग तारीखबाईने आपला मार्ग धरला. वाचनालयातून तिने बक्षीस मिळालेल्या कादंबऱ्या आणल्या, गंभीर, जाडजूड, आणि रोज संध्याकाळी वाचून दाखवायला लागली. बाबा डोळे मिटून घ्यायचे. तिसरी कादंबरी तर इतकी थोर निघाली की वाचता वाचता तारीखबाईलाच डुलकी लागली.

शेवटी अडलेलं घोडं सोडवलं ते वाचनालयाच्या शिपाईकाकांनी. टेबलावर चहा ठेवता ठेवता ते म्हणाले, "बाबांना त्यांची पुस्तकं का नेत नाही तुम्ही?"

"त्यांची कुठली पुस्तकं? बाबा कधी वाचत नाहीत."

"वा! लढाईची हो. धूमधडाड. तुम्हाला न्यायला यायचे ना ते, तर तासभर आधी यायचे. मागच्या दाराने आत, आणि त्या कोपऱ्यातल्या खिडकीत. तुम्ही पर्स उचललीत की पुस्तक कपाटात आणि हे पुढच्या दारात हजर. आत्ताच आल्यासारखे."

"मग कार्डावर घरी का नेली नाहीत?"

शिपाईकाकांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुमच्या हातून शिक्का मारून? अहो, ती कव्हरं बघितलीत का? एकावर तर कॅप्टन एका हाताने विमान अडवतोय. ते एकटेच नाहीत, तशी पाच-सहा म्हातारी मंडळी आहेत. सगळे इथेच बसून वाचायचे. घरी कोण नेणार ते? सुना हसतात."

तारीखबाईने ती कव्हरं बघितली होती. चांगली बघितली होती. वाचनालयाचा नियम असा की पाच वर्षांत ज्या पुस्तकावर एकही शिक्का पडला नाही ते रद्द. मागच्या वर्षी तिने स्वतः ते कपाट तपासलं होतं. लढाईच्या त्रेपन्न साहसकथा, आणि सगळ्यांची मागची पानं कोरी. पुस्तकांचे कोपरे दुमडलेले होते, कडा अंगठ्यांनी काळ्या पडल्या होत्या, एकात तर खूण म्हणून चष्म्याची तुटलेली दांडी होती. हे सगळं तिने बघितलं आणि तरी शिक्का नाही म्हणजे वाचक नाही असं ठरवलं. ही चूक जन्मभर शिक्के मारणारं माणूसच करू शकतं, दुसऱ्या कोणाला जमायची नाही. त्रेपन्नच्या त्रेपन्न पुस्तकांवर तिने जांभळ्या शाईत "रद्द" मारलं होतं. अर्थात एकही तिरकं नव्हतं.

"गेली ती," ती म्हणाली.

"जातात कुठे! कमिटीची सही लागते ना कागदाच्या लगद्याला द्यायला. कमिटी बसलीय कधी? जिन्याखाली आहेत गठ्ठे, मोडक्या पंख्यांच्या मागे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. अडचण एवढीच होती की रद्द पुस्तक कार्डावर देता येत नाही, कारण नोंदीत ते नसतंच, आणि कमिटीची सही नसल्यामुळे बाहेरही नेता येत नाही. तारीखबाईने जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली वाकून एका गठ्ठ्याची सुतळी सोडली, वरचं पुस्तक काढलं, डब्याच्या पिशवीत डब्याखाली ठेवलं आणि संध्याकाळी ग्रंथपालसाहेबांना "येते" म्हणून नमस्कार करून बाहेर पडली. सव्वीस वर्षांत तिने ऑफिसची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. बसस्टॉपपर्यंत तिला वाटत होतं की मागून कोणीतरी हाक मारणार.

घरी येऊन तिने ते वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर कॅप्टन दारूगोळ्याने भरलेला ट्रक घेऊन घाट चढत होता. उजव्या हाताने तो शत्रूवर गोळ्या झाडत होता, डाव्या हाताने जखमी सोबत्याला पाणी पाजत होता, आणि चढावर गाडी अडली तेव्हा त्याने गुडघ्याने गिअर बदलला. तारीखबाईला वाचताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिने वाचलं, आवाज न बदलता, यादी वाचावी तसं.

पलंगावरून आवाज आला, "क्लच."

तिने मान वर केली. बाबा डोळे वटारून पुस्तकाकडे बघत होते.

"काय म्हणालात?"

"क्लच!" बाबा म्हणाले, आणि डावा पाय चादरीवर दोनदा आपटला. मग फार कष्टाने, तोंड वाकडं करून, "गा... गाढव."

आपल्याला गाढव म्हटलं की कॅप्टनला, हे तिने विचारलं नाही. चार महिन्यांनी आलेला शब्द होता, तो कोणालाही चालला असता. ती उठली, बाबांच्या कपाळाला कपाळ टेकवून तिने चांगलं हुंदके देऊन रडून घेतलं. बाबांनी थोडा वेळ सहन केलं आणि मग डाव्या हाताने पुस्तकाकडे बोट दाखवलं.

मग रोजचं तेच झालं. तिला लवकरच कळलं की पुस्तक जितकं वाईट तितकं औषध चांगलं. कॅप्टन एका टाकीत तीन देश पार करायचा, की बाबा म्हणायचे, "डिझेल!" नदीत बुडालेला ट्रक पहिल्या किल्लीला सुरू व्हायचा, की बाबांचा "शक्य नाही" खालच्या मजल्यावर ऐकू जायचा. एकदा कॅप्टनने उतारावर गाडी सोडून शत्रूच्या मुलीशी गप्पा मारल्या, तेव्हा "हँडब्रेक" हा अवघड शब्द बाबांच्या तोंडून एकही अक्षर न अडखळता आला. तारीखबाई जिन्याखाली बसून पुस्तकं चाळायची आणि जरा बरं लिहिलेलं दिसलं की परत गठ्ठ्यात टाकायची. शिपाईकाका बाहेर पहारा देत.

आलेले शब्द ती वहीत लिहून ठेवत होती. थेरपिस्टने वही वाचली. क्लच, गाढव, डिझेल, मूर्ख, टायर, हँडब्रेक, थापाड्या.

"ताई, आपण साधारण पाणी, भूक, दुखतंय, इथून सुरुवात करतो."

"ते आमच्याकडे शेवटी येईल."

थेरपिस्ट हसली, पण वही मिटताना गंभीर झाली. "शब्द येतायत, छानच आहे. पण वाक्य यायला हवं. निदान एक. वाक्य आलं की पुढचं येतं. सुटे शब्द कधी कधी सुटेच राहतात." सहा महिन्यांना आता तीन आठवडे उरले होते.

आणि नेमकी तेव्हाच कमिटी बसली. दीड वर्षं ज्यांना वेळ नव्हता त्यांनी वीस मिनिटांत सही केली. सोमवारी लगद्याची गाडी येणार होती. तारीखबाईने फार विचार केला नाही. ती सरळ ग्रंथपालसाहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "साहेब, मी रद्द पुस्तकं चोरते आहे. रोज एक. एकोणीस झाली. उरलेलीही मला हवी आहेत."

साहेब नियमाचं माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "रद्द पुस्तक आपल्या नोंदीत आहे का?"

"नाही."

"जे नोंदीत नाही ते वाचनालयाचं नाही. जे वाचनालयाचं नाही ते वाचनालयातून चोरीला कसं जाईल? तुम्ही जुन्या आहात, तुम्हाला हे माहीत असायला हवं." त्यांनी फाईल ओढली आणि मान खाली ठेवूनच विचारलं, "त्यात एक पाणबुडीचं होतं. कॅप्टन श्वास न घेता अर्धा तास राहतो. ते तेवढं मला द्या. त्याचा शेवट वाचायचा राहिलाय माझा."

उरलेले गठ्ठे शिपाईकाकांनी रिक्षात घातले.

घरात आता सगळीकडे कॅप्टनच कॅप्टन झाले. एकोणतिसाव्या पुस्तकात पुन्हा ट्रक होता. तारीखबाईने खुर्ची ओढली आणि वाचायला लागली. ट्रकांचा ताफा रस्त्याने चालला आहे, विमानं येतात, कॅप्टनच्या ट्रकला आग लागते. शेजारी मेकॅनिक बसलेला. कॅप्टन दार उघडून उडी मारतो. ती बाबांच्या शेऱ्यासाठी थांबली. एवढ्या वेळात दोन-तीन तरी "शक्य नाही" यायला हवे होते. काहीच आलं नाही.

"बाबा?"

"आमचा मिस्त्री," बाबा म्हणाले.

तिने पुस्तक मांडीवर टेकवलं.

"मिस्त्री आत होता." शब्द एकेक करून येत होते, पण येत होते. "मी उडी मारली. त्याच्या बाजूचं दार अडकायचं. बाहेरून ओढावं लागायचं. मला माहीत होतं. दोन दिवस माहीत होतं. म्हटलं, उद्या बघू."

तारीखबाईच्या मांडीवर पुस्तक उघडंच होतं. हेच ते वाक्य, ज्याची ती सहा महिने वाट बघत होती, आणि एक नाही, पाच-सहा आली होती. तिला आनंद झाला नाही. हा माणूस जन्मभर मीठ, स्टिअरिंग आणि सगळ्या जगाच्या चुकांबद्दल का बोलत राहिला ते तिला कळलं, आणि त्याला रोज "जिभेला हाड असू द्या" म्हणाल्याचं इतकं वाईट वाटलं की तिने त्यांचा उजवा, अजून नीट न वळणारा हात घट्ट धरला.

"मिस्त्रींना कोण होतं?" तिने विचारलं.

"बायको. मी गेलो नाही कधी. काय सांगणार?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, कारण डावा त्यांनी पुस्तकावर ठेवला होता. "पुढे वाच."

तिची नजर पानावर खाली गेली होती. पुढे काय आहे ते तिला दिसलं. "बाबा, नको. पुढे सगळं खोटंनाटं आहे."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "वाच."

मग तिने वाचलं. कॅप्टन उडी मारतो आणि लगेच मागे वळतो. ट्रक ज्वाळांनी वेढला आहे, वरून गोळ्यांचा पाऊस पडतो आहे, आणि त्याचा एक पाय मोडला आहे. तशाच मोडक्या पायाने तो पलीकडे धावतो आणि अडकलेल्या लोखंडी दाराला त्याच पायाने अशी लाथ मारतो की दार उडून वीस हातांवर पडतं. आतून मेकॅनिक बाहेर येतो, खोकत, मिशी जळालेली. तो कॅप्टनला म्हणतो, "एवढा वेळ कुठे होतास रे?" आणि दोघं रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसतात.

ती थांबली आणि तिने वाट बघितली.

बाबांनी त्या पानात एकही चूक काढली नाही.