अमरनाथचं पेव

लातुरात क्लासेसच्या गल्लीत अमरनाथचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. त्या दुकानात शिरताना कपाळ न आपटलेला माणूस गल्लीत शोधून सापडायचा नाही. कारण दुकानाचं दार मूळचं किल्लारीकडच्या एका खेड्यातलं, ठेंगण्या चौकटीचं. त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसलं तेव्हा अमरनाथचा बाप धोंडप्पा यानं ते दार ढिगाऱ्यातून उपसून काढलं आणि बिऱ्हाड लातूरला हललं तेव्हा टेम्पोत माणसांच्या आधी दार चढवलं. मिस्त्री म्हणाला, नवं करू. धोंडप्पा म्हणाला, ढिगाऱ्यातून जे धड निघालं ते मेलेलं नसतंय, नुसतं हादरलेलं असतंय. मिस्त्रीनं तेच दार बसवलं आणि गिऱ्हाइकं कपाळ चोळत राहिली.

धोंडप्पा पुढं लिंगैक्य झाला. दार आणि ते वाक्य, दोन्ही अमरनाथकडं वारशानं आलं. वस्तू फेकणं म्हणून या गृहस्थाला ठाऊकच नाही. बंद पडलेल्या पंख्याचं पातं त्यानं सुपलीसारखं वापरलेलं लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. बायको म्हणायची, मी जुनी झाले म्हणूनच ह्या घरात माझी किंमत वाढली.

अशा माणसाचा कॉम्प्युटर एका उन्हाळ्यात वीज येता-जाता जळाला. रिपेअरवाला म्हणाला, मदरबोर्ड गेला, भंगारात द्या. अमरनाथनं डबडं उघडलं, तर आतली हार्डडिस्क शाबूत! त्याला साक्षात बापाचं दारच दिसलं. त्यानं ती बाहेर काढली, एक वायर आणून नव्या कॉम्प्युटरला जोडली, आणि पडद्यावर माल ठेवायला आणखी एक जागा उघडली. डिस्कला घालायचं कव्हर बाजारात मिळत होतं. पण घरात आईचे कडीचे डबे असताना विकतचं कव्हर कशाला? एका डब्याला वायरपुरतं भोक पाडलं आणि डिस्क उघडीवाघडी आत बसवली. पडद्यावर तिचं नाव ठेवलं ‘पेव’. गावाकडं जमिनीत खड्डा करून, आतनं कडबा लावून ज्वारी साठवायचे, ते पेव. भूकंपात वर घर पडलं होतं, पण खाली पेवातली ज्वारी जशीच्या तशी राहिली होती.

आईला, म्हणजे सरजाबाईला, त्यानं कौतुकानं डबा दाखवला. अव्वा, आता गल्लीतल्या तमाम सरांचा माल ह्यात साठवायलोय. म्हातारीनं डबा हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, "बियाणं अंबिकेकडं धाडलास का?"

अंबिका म्हणजे अमरनाथची धाकटी बहीण, नांदेडला दिलेली. धोंडप्पाचा रिवाजच होता की पेव भरायच्या आधी थोडं बियाणं लेकीबहिणीच्या घरी पोचवायचं. अमरनाथ हसला. ह्यात बियाणं नसतंय अव्वा, म्हणाला, आणि कामाला लागला.

त्या सालांत लातुरात क्लासेसचं पेवच फुटलं होतं. ज्याच्या घरात फळा टांगायला भिंत होती तो सर झाला होता. पण रेणुकादास सर त्यातले नव्हेत. ते जुने, फिजिक्सचे, कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक जिभेचे. तीन उन्हाळे त्यांनी अमरनाथकडून पुस्तक टाइप करून घेतलं. दिवाळीत ते पुरं झालं तरी सर कानामात्रा निवडत बसले. डब्याकडं बघून त्यांनी एकदा विचारलं होतं, ह्यात चिवडाही असतो का? अमरनाथला ते झोंबलं. त्यानं छातीला हात लावून सांगितलं, "सर, भूकंप आला तरी ह्यातली एक ओळ हलणार न्हाई. जबान देतो."

जबान दिली आणि त्याच झोकात नव्या कॉम्प्युटरात जागा हवी म्हणून पुस्तक तिथून पुसून टाकलं. सरांनीही त्या शब्दावर विसंबून हाताचे कागद रद्दीत घातले. दोघं शहाणे!

वैशाखात अमरनाथ निलंग्याला लग्नाला गेला. पुस्तक येत्या सोमवारी छापायला जायचं होतं, नवी बॅच दारात उभी होती. इकडं सरजाबाईनं सालाची बेगमी काढली. गच्चीवर तूर वाळत घातली, ज्वारीला ऊन दाखवलं. मग तिच्या मनात आलं, लेकाचीही साठवण आहे, तिच्याकडं कोण बघणार? त्याला कामातून फुरसत नाही. मायच ती. तिनं दुकानातनं डबा आणला, वायर सोडवली, आतली वस्तू ओल्या फडक्यानं पुसली आणि सुपात घालून तुरीशेजारी कडक उन्हात ठेवली. संध्याकाळी तुरीबरोबर तिलाही एरंडेल चोळलं, दोन्ही तळव्यांनी, खालून-वरून, कोपरे न सोडता. मग डब्यात राख पसरली, निंबाचा पाला घातला आणि झाकण गच्च लावलं.

अमरनाथ परत आला. भोकातनं वायर जोडली तर डिस्क कटकट आवाज करून गप्प झाली. झाकण उघडलं तर राख, पाला आणि एरंडेलाचा वास; त्यानं डिस्क तशीच रिपेअरवाल्याकडं नेली. रिपेअरवाल्यानं डिस्क हातात घेतली, ती निसटली, त्यानं परत धरली, वास घेतला आणि नम्रपणे विचारलं, हिला जुलाब द्यायचा होता का? मग म्हणाला, पुण्याला पाठवू, पण महिना लागेल आणि खात्री नाही.

आता हसायला सोपं आहे. पण अमरनाथच्या पायाखालची जमीन दुसऱ्यांदा हलली. दिलेली जबान गेली तर त्या गल्लीत तोंड कुठं दाखवायचं? घरी जाऊन तो आईला नको ते बोलला. तुला काय कळतंय, कशाला हात लावतीस, सगळ्याचं वाटोळं केलंस. सरजाबाईनं समोरचं ताट तसंच सरकवलं, भिंतीकडं तोंड करून पडली आणि भिंतीलाच म्हणाली, "अंबिकेकडं असंल की."

खोदून विचारल्यावर कळलं ते असं. दिवाळीला अंबिका माहेरी आली होती. तिची रुद्राणी नांदेडला बारावीच्या तयारीत. निघायच्या दिवशी अमरनाथ देवळात होता. सरजाबाईनं पिशवीत डाळ बांधली, शेंगाची चटणी बांधली, आणि नातीला सांगितलं, मामाच्या पेवातलं बी घे थोडं तुझ्या त्या काडीत, म्हणजे पेन ड्राइव्हमध्ये. लेक माहेराहून रिकाम्या हातानं जाती व्हय?

अमरनाथनं फोन लावला. अंबिकानं आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाली, अण्णा, हाय माझ्याकडं, पण जरा येऊनच बघ. तो एसटीनं नांदेडला गेला. पुस्तक होतं, वरवर पाहता अक्षर न् अक्षर होतं. फक्त रुद्राणीनं ते मैत्रिणीला दिलं होतं, मैत्रिणीनं क्लासमध्ये, काडी तिकडूनच भरून परत आली, आणि आता अंबिकाकडं असलेल्या प्रतीतही पानोपानी नांदेडच्या कुण्या क्लासचं नाव होतं. पहिल्या पानावर तर एक गोरेगोमटे सर हाताची घडी घालून हसत होते.

परतीच्या गाडीत पेन ड्राइव्ह खिशात होता. नाव बदलायला किती वेळ लागतो? दुकानात बसल्या बसल्या सगळं पुसून रेणुकादास सरांचं घालता आलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. गाडी लोह्याला थांबली. तिथं त्याची आत्या राहायची. भूकंपानंतर पेरणी तोंडावर आली तेव्हा पेवातली ज्वारी खाण्यात गेली होती. पेरायला मूठभर नव्हतं. तेव्हा बापानं लोह्याला पाठवलं होतं आणि आत्याकडं आधीच धाडून ठेवलेलं बियाण्याचं पोतं ह्यानंच खांद्यावरनं स्टँडवर आणलं होतं. बापाचं एक वाक्य त्यानं जन्मभर मिरवलं आणि बियाण्याचा रिवाज सोयीनं विसरला. वर आईलाच म्हणाला, तुला काय कळतंय. त्याला स्वतःची मनापासून शरम वाटली. आता आणखी लपवाछपवी नको, म्हणून त्यानं नाव बदलायचा विचार सोडला.

दुकानात प्रत कागदावर काढून, थेट सरांच्या घरी जाऊन त्यानं तो गोरागोमटा फोटो गठ्ठ्यासकट सरांपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं, एरंडेलासकट. शेवटी म्हणाला, "सर, जबान मोडली माझी. माझ्याच घरातनं फुटलं."

सर पानं उलटत गेले. कपाळाच्या आठ्या वाढत गेल्या. एका पानावर त्यांचा हात थांबला आणि अमरनाथनं डोळे मिटले.

"टांग्याची जीप केली!" सर कडाडले. "उदगीरच्या रस्त्यावर माझा टांगा होता. मूर्खांनी देगलूरची जीप घातली. जीपला ब्रेक असतो हो! घर्षणाच्या उदाहरणाची माती केली."

बराच वेळ ते त्या जीपवरच तापत राहिले. मग पाणी मागितलं, चष्मा पुसला आणि जरा खालच्या आवाजात विचारलं, नांदेडात हे साधारण किती पोरं वाचत असतील? अमरनाथ म्हणाला, लई. सरांनी पुन्हा चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणणं अवघड होतं. म्हणाले, टांगा परत घाला, माझं नाव परत घाला, आणि पुस्तक पुरं झालं की एक प्रत बहिणीकडं मुद्दाम पोचवा. पण पहिल्या पानावर फोटो माझा पाहिजे.

पुस्तक सोमवारी छापायला गेलं.

अमरनाथनं आणखी एक जुनी डिस्क मिळवली, नवी घेईल तर तो अमरनाथ कसला. ती घेऊन तो घरी गेला. सरजाबाई ओसरीत तूर निवडत होती. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. तो तिच्यासमोर खाली बसला.

"अव्वा, ह्यातलं बी आधी अंबिकेकडं धाडलं. मग भरलं."

म्हातारीनं मान वर केली नाही. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग डिस्क हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि कोनाड्यातली एरंडेलाची बाटली पुढं ओढली.

"चोळू का?"

अमरनाथ घाबरला. पण नाही म्हणायची त्याची छाती होईना.

"डब्याला चोळ," तो म्हणाला. "बाहेरनं."