जेवणानंतरची गोळी

"डोस वाढवू या," डॉक्टरांनी पेन उचललं. नानांचं बीपी एकशे नव्वद होतं. सलग तिसऱ्या महिन्यात.

"सर, थोडे दिवस थांबा," मी म्हटलं. "गोळ्या पोटातच जात नाहीत असं मला वाटतंय."

"महिनाभर थांबतो. विचारा त्यांना."

तेच तर मी तीन महिने विचारत होते! नाना दर वेळी नुसती मान डोलवायचे.

मी सोनगीरच्या एका दवाखान्यात सिस्टर होते. नाना तांब्या-पितळेची भांडी घडवणारे जुने कारागीर. बायको, म्हणजे अक्का, जाऊन चार महिने झाले होते. मुलगा सुरतला. त्याने मला फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "सिस्टर, पुढच्या महिन्यात बीपी उतरलं नाही, तर मी त्यांना इकडे आणतो. घराला कुलूप." नानांना ते मुळीच नको होतं. "सुरतमा चौथा माळावर बसीसन मी काय करसू?" म्हणायचे.

आधी मी माझी अक्कल चालवून पाहिली होती. रोजच्या गोळ्यांचे सात कप्पे असलेला प्लास्टिकचा डबा त्यांना दिला. आठवड्याने उघडला तर सातही कप्पे भरलेले. मी चारचौघांत त्यांना बोलले. ते आठवलं की आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी मुदत दिली, तशी मी दुपारी नानांच्या घरी गेले. नाना ओट्याशी उभ्याउभ्याच भाकरी खात होते. वर ठेचा.

"नाना, जेवलात?"

"नही."

"मग हे काय चाललंय?"

"हाई जेवण शे का? पोटमा ढकलस. जेवण ती व्हती तवय व्हये."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. औषधाच्या पाकिटावर मीच लिहून दिलं होतं, तोंडीही बजावलं होतं: जेवणानंतर. अक्का असताना त्या ताट वाढायच्या, समोर बसायच्या, ताट उचललं की दोन गोळ्या नानांच्या तळहातावर ठेवायच्या. अक्का गेल्या आणि जेवण थांबलं. मग जेवणानंतरची गोळी घ्यायची कधी? माणूस हट्टी नव्हता. वाट बघत होता.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू, बाई? गोळ्या-पाणी, बठ्ठं तीच दखे. माले वाचता येस नही. एकच गोळी दोनदा गयी म्हणजे?"

कोनाड्यात एक तांब्या लखलखत होता. नानांनी तो अक्कांसाठी घडवलेला. रोज सकाळी ते तो चिंचेने घासायचे, पाणी भरून अक्कांच्या नावाने परत तिथेच ठेवायचे. यात एक दिवस खाडा नाही.

मी तांब्या त्यांच्या हातात दिला. "डोळे मिटा. पत्रा किती जाड आहे?"

काठावरून बोट फिरलं. "बावीस गेज."

मग त्यांचे डोळे मिटलेले असतानाच मी त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. एक गोल, एक लांबट. जागा बदलून पाचदा विचारलं, कुठली कोणती. पाचही वेळा बरोबर. डोळे उघडले तेव्हा नाना स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, या दोन्ही गोळ्यांना जेवणाची अट नाही, वेळ चुकू नये एवढंच. मी पाकिटावरचं 'जेवणानंतर' खोडलं आणि तिथे तांब्या काढला. तो भरला की गोळ्या घ्यायच्या.

नानांनी चित्र बघितलं. "हाऊ ते मडकं शे!" चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. पेन घेऊन त्यांनी स्वतः तांब्या काढला, गळ्याच्या बाकासकट.

मुलाला मी बजावलं, रोज फोन करून गोळी विचारायची नाही. मीही विचारणार नव्हते. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या नाना आपणहून आणणार होते.

महिन्याने आणल्या. बीपी एकशे अडतीस. डॉक्टरांनी डोसला हात लावला नाही. मुलाचा फोन आला तेव्हा नाना ताठ बसून म्हणाले, "मी सोताच लिधी." मग माझ्याकडे वळून हळूच, "तिलेबी रोज सांगस."

कुलूप लागलं नाही.

धडा एवढाच, की गोळी घेतली का हे विचारण्याआधी, कोणाबरोबर जेवता हे विचारावं. मी आता रिटायर होऊन धुळ्यात राहते. हे गेल्यापासून एकटीच. माझ्याही औषधाच्या पाकिटावर केमिस्ट लिहून देतो, जेवणानंतर. डॉक्टरांना विचारून मी ते खोडते. तिथे तांब्या काढते. तो अजून मडक्यासारखाच येतो.