पडद्यावर उतरलेली ओवी

लातूरच्या कॉलेजात जावा ही संगणकभाषा शिकवायला लागले, तेव्हा मी कोचिंगच्या पोरांच्या गल्लीत खोली घेतली. रविवारी गावोगावचे आईबाप डबे घेऊन येत. जिनाभर धपाट्यांचा वास सुटायचा. माझी आई हदगावला, एकटी. गुडघे धरलेले. नांदेडला गाडी बदलून इथवर येणं तिला झेपत नव्हतं.

दिवाळीत तिच्या जात्यावरच्या ओव्या मी लॅपटॉपवर टाइप करून घेतल्या होत्या. सोमवारच्या तासाला फाइल वाचणं शिकवायचं होतं, म्हणून त्या रविवारी दुपारी उदाहरणाला तीच फाइल घेतली. पुस्तकातल्यासारखा जावातला साधा वाचक, फाइलरीडर, लावला, तर पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं! आईचा एक शब्द ओळखू येईना. फाइल शाबूत होती. पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर फाइलरीडर मशीनच्या ठरलेल्या सांकेतिक लिपीतच वाचत होता, आणि मराठी तिच्यात बसत नव्हती. मग लिपी सांगता येणारा इनपुटस्ट्रीमरीडर घेतला, त्याला मराठी सामावणारी यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगितलं. एकेक अक्षर उचलण्यापेक्षा सबंध ओळ मिळावी म्हणून वरून बफर्डरीडर चढवला.

ओळी उतरू लागल्या.

जात्याच्या खुंट्यावरी हात माझा एकला
लेकीनं माझ्या बाई पुस्तकाशी जीव लावला

टाइप करताना माझं सगळं लक्ष ऱ्हस्व-दीर्घाकडे. ही ओवी मी तेव्हा ऐकलीच नव्हती जणू. आईला फोन लावला.

"आई, ही तू जुळवलेली का गं?" मी वाचून दाखवली.

"वाचून काय राहिलीस? म्हण की."

"मला चाल येत नाही."

तिनं म्हटली. "दळाया दोघी लागतात बाई," ती म्हणाली. मग, "जेवलीस का?"

"हाव," म्हटलं. जेवले नव्हते. खाली कुणाचे तरी वडील, अभ्यास कर रे, म्हणत निघाले होते.

सोमवारी लॅबमधल्या तसल्याच जुन्या मशीनवर मुलांनी आधी फाइलरीडर चालवला, टोप्यांची अक्षरं पाहून हसली. मग बदल केला. प्रत्येक पडद्यावर ती ओवी आली. वाचली कुणीच नाही. अक्षरं नीट दिसतात का, तेवढं पाहिलं.

"आलं मॅडम," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली.

"छान," म्हटलं, आणि फळा पुसायला वळले.