दाजींचं लिंबू

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही घर पास केलेलं नाही. स्वतःचं नाही, सख्ख्या भावाचं नाही, माझं तर नाहीच नाही, आणि लातूर-नांदेडच्या ज्या ज्या माणसानं घर घेण्याआधी त्यांना मोठ्या भक्तीनं सोबत नेलं, त्यातल्या एकाचंही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. बँकेत कारकून होते, आता रिटायर होऊन लातुरात राहतात. अंगानं किडकिडीत, आवाजानं भरदार. त्यांना एखाद्या राजवाड्यात नेऊन उभं केलं तर ते आधी मोरी कुठं आहे विचारतील, आणि मोरी बघून झाल्यावर राजाबद्दल मनापासून हळहळतील. गंमत अशी की लोकांना हे पक्कं ठाऊक असूनही घर बघायचं म्हटलं की गाडी दाजींच्या दाराशी येतेच. दाजी घर नापास करतात, लोक ते घेतात आणि त्यात सुखानं नांदतात. मग वास्तुशांतीला दाजी जेवायला येतात आणि पंगतीत बसल्या बसल्या छताकडं बघून मान हलवतात.

त्यांची घर बघायची रीत पाहण्यासारखी आहे. दारातच चपला काढायच्या. मालकाला रामराम घालायच्या आधी विचारायचं, "पानी किती दिवसाला येतंय?" आमच्याकडं हा प्रश्न जावई बघतानाही विचारतात, तेव्हा त्यात नवल नाही. पण दाजी तिथं थांबत नाहीत. नळ सोडायचा, उदबत्ती पेटवून धूर कुठल्या खिडकीनं जातो ते बघायचं, आणि मग झोपायच्या खोलीत फरशीवर चक्क आडवं व्हायचं. मी नांदेडला फ्लॅट घेताना ते असे आडवे झाले आणि घोरायलाच लागले. बिल्डरचा माणूस चहा घेऊन ताटकळत उभा. बऱ्याच वेळानं दाजी उठले, चहा प्याले आणि म्हणाले, "झोप चांगली लागती. पर सपनं काय खरी न्हाईत." मी तो फ्लॅट घेतला. आजही वाईट स्वप्न पडलं की बायको आधी दाजींचं नाव घेते.

आणि शेवटी लिंबू. सदऱ्याच्या खिशात त्यांच्याकडं कायम एक लिंबू असतं. रिकाम्या खोलीच्या मधोमध उकिडवं बसायचं, लिंबू फरशीवर ठेवायचं आणि अलगद हात काढून घ्यायचा. लिंबू गडगडेल तिकडं उतार. ते कोपऱ्यात गेलं की तिथं पाणी साचणार, भिंतीला ओल धरणार, घर नापास. सरळ दाराकडं गेलं तर घर पास. दाराकडं जाणारं लिंबू मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही. मी एकदा म्हणालो, "दाजी, लिंबू मुळातच वाकडं. ते सरळ जाणार कसं? गोटी वापरा की." तर म्हणाले, "पावणं, मानसं तरी कुठं गोल असतेत? घरात मानसं ऱ्हातेत, गोट्या न्हाई." दाजींची देवणीला बदली झाली तेव्हा या लिंबानं मोठा घोटाळा केला. घरमालकाच्या म्हाताऱ्या आईनं खिडकीतून बघितलं, तर रिकाम्या खोलीत एक परका माणूस लिंबासमोर बसून काहीतरी पुटपुटतोय. म्हातारीनं आरडाओरडा करायला हवा होता. तिनं हात जोडले. पुढं दाजी देवणीत होते तोवर कुणाचं लेकरू रडायला लागलं, की म्हातारी त्याला घेऊन दृष्ट काढायला दाजींकडं हजर. दाजी बिचारे मुकाट्यानं लिंबू ओवाळायचे. घरचं निरसं दूध रोज यायचं, त्यामुळं अक्कानंही कधी खुलासा केला नाही.

दाजींना लेक एकच, ऋतुजा. बापाच्या बदल्यांपायी माहूर, देवणी, नांदेड, लातूरजवळचं मुरुड अशा भाड्याच्या घरांतून वाढलेली पोर. गेल्या वर्षी ती फौजेत लेफ्टनंट झाली. मुलगी फौजेत जाते म्हटल्यावर भावकीनं दाजींना काय काय सुनावलं, पण दाजींनी कुणालाच जुमानलं नाही. पासिंग आउट परेडला आम्ही सगळे गेलो. अक्का तिच्या खांद्यावर तारे लावत होती, मी डोळे पुसत होतो, आणि दाजी परेडच्या मैदानाचा उतार न्याहाळत होते. सोहळा आटोपल्यावर बापानं लेकीला एकच प्रश्न केला, "आता ऱ्हायाची सोय काय?"

झालं. तिथून पुढं नव्या अधिकाऱ्यांच्या राहण्याची सोय हा दाजींचा विषय झाला. चौकातल्या हॉटेलात ते असे समजावून सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हेच फौजेत घरांचं वाटप करून राहिले आहेत. "लगीन झालेल्याला क्वार्टर, पर त्याला नंबर लागतो. बिनलग्नाच्याला मेसमधी खोली. मेसमधी जागा नसली तर भायेर भाड्यानं, पर त्याला साह्यबाची परवानगी लागती." यातला मेस हा शब्द अक्काच्या घशाखाली उतरेना. लातुरात मेस म्हणजे क्लासच्या पोरांची जेवायची खानावळ. "एवढी अफसर झाली अन् खानावळीत ऱ्हाणार व्हय?" असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. मग तिला कळलं, की लग्न केलं तर क्वार्टर मिळतं. त्याच आठवड्यात तिनं तीन-चार स्थळं काढली. ऋतुजा फोनवर म्हणाली, "आई, दोन खोल्यांसाठी नवरा करू का मी?" अक्का म्हणाली, "दोन खोल्या कुनाला सुटल्यात?"

शेवटी दाजी म्हणाले, डोळ्यानं बघितल्याबिगर खरं न्हाई. नांदेडाहून पंजाबाकडं जायला सरळ गाडी आहे, आणि ऋतुजाची पहिली पोस्टिंग त्याच बाजूच्या एका छावणीत होती. तिथं जाऊन दाजींना आवरायला कुणीतरी हवं म्हणून अक्कानं मला बरोबर दिलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तुपाचा डबा आणि दाजींच्या खिशात मुरुडच्या बाजारातली निवडक लिंबं, असा आमचा लवाजमा निघाला.

मेसमधली तिची खोली मला तरी फर्स्टक्लास वाटली. पांढरीशुभ्र चादर, खिडकीबाहेर हिरवळ, मागं व्हरांडा. ऋतुजानं आम्ही यायच्या आधी खोली अशी आवरली होती, जणू मोठ्या साहेबाची तपासणी आहे. खरंतर त्याहून मोठी होती. ती दाराशी उभी राहून बापाकडं बघत होती. दाजींनी नळ सोडला. "किती दिवसाला येतंय?" "पप्पा, चोवीस तास असतं." दाजींनी नळाकडं संशयानं पाहिलं. "चोवीस तास? मंग कुठंतरी गळून राहिलं आसंल." उदबत्ती झाली, आडवं होणं झालं, आणि लिंबू निघालं. ते पलंगाखालून फिरून कोपऱ्यात गेलं, तिथं टेकलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि बाजूच्या उघड्या दारातून मागच्या व्हरांड्यात सटकलं. आम्ही मागं धावलो. बघतो तर व्हरांड्यातून येणारे ऋतुजाचे कर्नलसाहेब लिंबू उचलून उभे. ऋतुजा ताठ झाली, आणि चेहरा लालबुंद.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

"साहब, उतार देख रहे थे," दाजी जराही न डगमगता म्हणाले. "पानी किधर जाता, देखना पडता ना."

साहेब हसले. "तो फिर पास?"

"न्हाई साहब, नापास. पहले कोने में रुक्या था."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दाजींना चहाला नेलं आणि स्वतःच्या बंगल्याच्या मोरीबद्दल सल्ला विचारला. दाजींनी तोही बंगला नापास केला. साहेब खूश होते. ऋतुजा मात्र नव्हती. निघताना स्टेशनवर ती बापाला म्हणाली, "पप्पा, दुनियेतली सगळी घरं नापास करा. पण ही माझी पहिली खोली आहे. एकदा चांगली आहे म्हणा ना." दाजींनी खिसे चाचपले, चष्मा पुसला, "जपून ऱ्हा" म्हणाले आणि गाडीत चढले. माझा असा संताप झाला! गाडी सुटल्यावर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, लेक एवढ्या लांब एकटी राहणार, एक शब्द दिला असता तर तुमचं लिंबू नासलं असतं का?

दाजी खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पावणं, माहूरचं घर ध्यानात हाय का तुमच्या?" मला आठवत होतं. चढावरचं, परसात सीताफळाचं झाड असलेलं. "ते घर म्या लिंबू न टाकताच पास केल्तं. मनातल्या मनात न्हाई, पोरीला सांगून. आता हितंच ऱ्हायाचं म्हनलो. अन् साल भरायच्या आत बदली आली. पोरीनं झाडाला जी मिठी मारली ती सोडंना. टेम्पोवाला हॉर्न वाजवून ऱ्हायला, अन् म्या तिची बोटं एक एक करून सोडवून ऱ्हायलो. तवापासून म्या घरात खोट काढतो. खोट असली की सोडताना जड जात न्हाई. पोर आता फौजेत हाय. तिला तर जलमभर सोडायचीच हायत घरं." मी धपाट्याचा डबा उघडला आणि पुढं केला. इतकी वर्षं आम्ही ज्या माणसाला हसलो, तो लेकीसाठी हे करत होता, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

या हिवाळ्यात तिची बदली वर डोंगरात झाली, सरहद्दीकडं. तिथं मेस नाही, खोली नाही, तंबू आहे, एवढंच तिनं कळवलं होतं. फोन कधी लागतो, कधी नाही. मी एका लग्नासाठी लातूरला गेलो होतो, त्या संध्याकाळी लागला. अक्कानं जेवलीस का, स्वेटर घालतीस का, सगळं विचारून घेतलं आणि फोन दाजींपुढं धरला. दाजींनी घसा खाकरला. तंबूबद्दल काय विचारायचं ते त्यांना सुचेना. नळ नव्हता, खिडकी नव्हती.

तीच म्हणाली, "पप्पा, लिंबू टाकून बघितलं मी."

"मंग?"

"सरळ दाराकडं गेलं. दारातून बाहेर, अन् खाली उतारानं पळालं. आमचा एक जवान धावत जाऊन घेऊन आला."

अक्का दाजींच्या तोंडाकडं बघतेय, मी बघतोय. तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"कोपऱ्यात न्हाई ना थांबलं?" दाजींनी विचारलं.

"नाही, पप्पा. जरासुद्धा नाही."

"मंग पानी साचत न्हाई तिथं," दाजी म्हणाले. "लई चांगलं घर हाय, बाळा. पास."

पलीकडं ती हसली का रडली ते कळायच्या आत फोन कट झाला. अक्का स्वयंपाकघरात निघून गेली. दाजींनी खिशातलं लिंबू काढलं, आपल्याच बैठकीच्या फरशीवर मधोमध ठेवलं आणि हात काढून घेतला. ते नेहमीप्रमाणं डुगडुगत गेलं आणि कपाटाच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. दाजी त्याच्याकडं बघत राहिले.

"पावणं, जलम गेला, पर माझं एक लिंबू सरळ दाराकडं गेलं न्हाई," ते हळूच म्हणाले. "पोरीचं गेलं म्हनं."